साठ टक्क्यांच्या अलीकडे

माझ्या पदवी प्रमाणपत्रावर ‘प्रथम श्रेणी’ असं छापलेलं आहे आणि चारही वर्षांचे गुण एकत्र धरले तर ते ५४ टक्के भरतात. दोन्ही खरं आहे. आमच्या विद्यापीठात त्या काळी अभियांत्रिकीच्या पदवीची श्रेणी शेवटच्या वर्षाच्या गुणांवर ठरायची. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट, टर्म वर्क, ओरल असे सैल हाताने दिले जाणारे गुण बरेच असतात. त्यामुळे पहिली तीन वर्षं केटी, म्हणजे नापास झालेले विषय, सोडवत सोडवत वर आलेली माझ्यासारखी कितीतरी मुलं शेवटी फर्स्ट क्लास घेऊन बाहेर पडली. नोकरीला तेवढं पुरलं. गुणपत्रिका कोणी मागितल्याच नाहीत. पुढची दहा-बारा वर्षं त्या कपाटात, रेशनकार्ड आणि गॅसच्या पुस्तकाबरोबर एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पडून होत्या. एम.टेक. करावं असं मनात आलं आणि पहिल्याच माहितीपत्रकात अट दिसली: सर्व वर्षांची एकत्रित टक्केवारी.

मी सातारा जिल्ह्यात, माण-खटावच्या पट्ट्यात पाण्याचं काम करते. इथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. एका संस्थेत स्थापत्य अभियंता म्हणून लागले ती बंधाऱ्यांची अंदाजपत्रकं करायला. थोड्याच काळात लक्षात आलं की बंधारा बांधणं हा त्यातला सोपा भाग आहे. अडवलेलं पाणी जातं कुठे, कोणत्या विहिरीला लागतं आणि कोणत्या विहिरीला लागत नाही, हे सांगणारं माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही. म्हणून मी विहिरींकडे वळले. गावातल्या विहिरी मोजायच्या, त्यांच्या पातळीची वर्षभर नोंद ठेवायची, उपसा चाचण्या घ्यायच्या आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, असं कामाचं स्वरूप.

उपसा चाचणी ऐकायला भारदस्त वाटते. प्रत्यक्षात विहिरीतली पातळी मोजायची, मोटर चालू करायची आणि पातळी मोजत राहायचं, आधी मिनिटामिनिटाला, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. मोटर बंद केली की पाणी परत चढतं, तेही तसंच मोजायचं. जमलं तर जवळच्या एखाद्या विहिरीवर किंवा बंद पडलेल्या बोअरवर दुसरा माणूस टेप देऊन बसवायचा. शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असते, त्यामुळे निम्म्या चाचण्या रात्रीच होतात. टॉर्च, टेप, वही, कुणाच्या तरी घरून आलेला चहा आणि ‘मॅडम, पाणी किती लागलं?’ असं विचारणारे चार-सहा जण. बाईमाणूस रात्रभर विहिरीच्या काठावर बसलंय याचं सुरुवातीला अप्रूप होतं, आता कोणाला काही वाटत नाही. पाणी किती लागलं हे सकाळी सांगता येतं. ते किती दिवस पुरेल आणि या उपशाने शेजारच्याचं किती ओढलं जाईल, हे मला सांगता यायचं नाही. लोकांना विचारायचं असतं नेमकं तेच.

गावात यावरून भांडणं होतात. १९९३च्या भूजल अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी घातली. एका बैठकीत मी हा नियम समजावून सांगत होते, तेव्हा मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, “म्हंजे ४८० मीटरवर माझी हीर, ती चोर. आन् ५३० वर त्येची, ती साव. खालच्या दगडाला कुणी टेप दावली व्हती का?”

सगळे हसले. मीही हसले, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग बेसॉल्टवर बसलेला आहे आणि तो लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. मांजऱ्या दगडात पाणी फिरतं, काळ्या पाषाणात ते फक्त भेगांतून जातं. दोन थरांच्या मध्ये लाल गेरूचा पट्टा लागला की पाणी त्याच्या खाली न उतरता वरून आडवं सरकतं. म्हणजे लांबची विहीर तुमचं पाणी ओढू शकते आणि हाकेच्या अंतरावरच्या विहिरीचा तुमच्याशी काही संबंधही नसू शकतो. मी आजोबांना म्हटलं, “आजोबा, रेघ चुकीची असंल, पण रेघच नसंल तर निवाडा कोण करणार?” ते म्हणाले, “मग चाचणी घ्या की.”

चाचण्या आम्ही घेतच होतो. अहवालाचा एक ठरलेला साचा होता. एक्सेलमध्ये आकडे भरायचे, आलेख निघाला की त्यावर सरळ रेघ ओढायची आणि खाली खडकाची वहनक्षमता छापून यायची. मग एका गावात एकाच विहिरीच्या दोन चाचण्यांत हा आकडा चौपट बदलला. पाऊस नाही, मोटर तीच, विहीर तीच. मी शोधायला लागले, तेव्हा कळलं की ती सरळ रेघ कूपर आणि जेकब यांच्या १९४६च्या पद्धतीतली आहे आणि ती बारीक व्यासाच्या बोअरसाठी आहे. आमच्या विहिरी आठ-आठ मीटर व्यासाच्या. अशा विहिरीत पाणी एक मीटर उतरवायचं तर सुमारे पन्नास हजार लिटर उपसावं लागतं. तासाला वीस हजार लिटर ओढणारी मोटर अडीच तास नुसतं साठलेलं पाणीच काढत असते आणि तोवर खडक काय करतो ते आकड्यांत जवळजवळ उमटतच नाही. आलेखाचा पहिला भाग हा हौद रिकामा होण्याचा आलेख होता आणि आम्ही त्यावरून खडकाचा स्वभाव सांगत होतो.

मोठ्या व्यासाच्या विहिरीचं गणित पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ साली मांडून ठेवलेलं आहे. तो निबंध मी मिळवला, उघडला आणि थोड्या वेळाने मिटून ठेवला. लाप्लास ट्रान्सफॉर्म, बेसेल फंक्शन. एम-थ्री.

ज्यांनी अभियांत्रिकी केली आहे त्यांना एवढं नाव पुरे. इतरांसाठी सांगते: हा गणिताचा तिसरा पेपर, दुसऱ्या वर्षाचा. माझी ही केटी तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत सोबत होती. शेवटच्या वर्षात जायचं तर दुसऱ्या वर्षाचं सगळं सुटलेलं असावं लागायचं, म्हणून ती तेव्हा सुटली, काठावरच्या ४० गुणांनी.

भूजलशास्त्राचा पाया मानला जाणारा निबंध चार्ल्स थाइस या अमेरिकी भूवैज्ञानिकाचा, १९३५चा. विहिरीकडे पाणी ओढलं जाणं आणि पदार्थातून उष्णता वाहणं यांचं गणित एकच असणार, हे थाइसला दिसलं होतं. ते सोडवणं मात्र त्याच्या हातचं नव्हतं. त्याने ल्यूबिन नावाच्या गणितज्ञ मित्राची मदत घेतली आणि उष्णतेच्या गणितातलं तयार उत्तर पाण्यासाठी वापरलं. ही गोष्ट वाचून मला आधी धीर आला. प्रश्न ज्याला पडला त्यालाच सगळं गणित आलं पाहिजे असं नाही तर! मग तो धीर ओसरला, कारण मित्राला नेमकं काय विचारायचं हे कळण्याइतकं गणित थाइसला येत होतं. मला तेवढंही येत नव्हतं. उष्णतेचं तेच समीकरण एम-थ्रीच्या अभ्यासक्रमात होतं. दोन्ही टोकं शून्य अंशावर ठेवलेल्या सळईचं गणित मी परीक्षेत पाठ करून उतरवलं होतं. सळईऐवजी दुसरं काही विचारलं असतं तर संपलं.

पुढे शिकायला हवं हा विचार इथून आला. त्यापाठोपाठ ते ५४ टक्केही आले.

एम.टेक.च्या प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेला बसायला टक्केवारीची अट नाही. पासष्ट प्रश्न, शंभर गुण, तीन तास, तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही बसू शकतो आणि निकाल तीन वर्षं चालतो. पण त्यात अगदी वरचा क्रमांक काढला तरी बहुतेक आयआयटींत एम.टेक.साठी पदवीला ६० टक्के किंवा ६.० सीपीआय लागतो. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ५५. एनआयटींच्या सामायिक प्रवेशातही ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए. रुरकीला १९७२पासून जलविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण चालतं. ते माझ्या यादीत सगळ्यात वर होतं आणि सगळ्यात आधी खोडलं गेलं. राज्यातल्या महाविद्यालयांत खुल्या वर्गाला एम.ई., एम.टेक.साठी ५० टक्के पुरतात. तिथे मी बसत होते.

जर्मनीचंही पाहिलं, कारण तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही असं कोणीतरी डोक्यात भरवलं होतं. तिकडे आपले टक्के त्यांच्या श्रेणीत बसवायचं एक सूत्र आहे, बव्हेरियन म्हणतात त्याला. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. तिकडे १.० सर्वांत चांगलं आणि ४.० म्हणजे काठावर पास. माझं उत्तर ३.३ आलं. २.५ यायला ७० टक्के लागतात आणि बऱ्याच अभ्यासक्रमांची मागणी तिथून सुरू होते. भारतातून अर्ज करणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्रही घ्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक गुणपत्रिका आधी तपासली जाणार. जर्मनीवर तिथेच काट मारली.

या रेघांवर रागवावं तर मला ते जमेना. ५०० मीटरची रेघ गावोगाव समजावत मीच फिरते. प्रत्येक विहिरीची चाचणी घ्यायला माणसं नसतात, वेळ नसतो, म्हणून कायदा अंतर ठरवतो. हजारो अर्ज आले की प्रत्येक अर्जदाराला समोर बसवून काय येतं ते पाहणं कोणालाच शक्य नसतं, म्हणून ६० ठरतात. पण आजोबा म्हणाले तेही खरंच होतं. निदान एका अर्जदाराची चाचणी घेणं मला शक्य होतं.

त्याआधी मात्र मी पुण्याला एका कार्यालयात जाऊन आले. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारी अशी कार्यालयं आता गल्लोगल्ली आहेत. काचेचं दार, भिंतीवर झेंडे, समोर माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगा. त्याने विषय कोणता हे विचारायच्या आधी विचारलं, “बॅकलॉग किती?” मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅम, प्रोफाइल थोडं वीक आहे, पण वर्क एक्स्पिरिअन्स सॉलिड आहे. एसओपीत आपण स्टोरी बनवू. त्या काळात काही झालं होतं का? आजारपण, घरची जबाबदारी, वडिलांचं काही?”

काही झालं नव्हतं. वडील शाळेत शिक्षक, फी वेळेवर भरली जायची, हॉस्टेलचं जेवणसुद्धा बरं होतं. बारावीला गणितात चांगले गुण पडले म्हणून अभियांत्रिकी, तिथे जागा मिळाली म्हणून स्थापत्य. सर्व्हेइंगचा कॅम्प आवडला, जिऑलॉजीच्या तासाला दगड ओळखायला आवडले. बाकीचं आवडलं नाही आणि जे आवडलं नाही ते मी केलं नाही. माझ्या कमी गुणांची एवढीच कहाणी आहे आणि तिची ‘स्टोरी’ होत नाही. त्या मुलाला वाईट वाटलं असावं. त्याने मला पाण्याची बाटली दिली.

घरी येऊन फोल्डर काढलं आणि त्या गुणपत्रिका पहिल्यांदाच विषयवार वाचल्या. सर्व्हेइंग ७२. इंजिनिअरिंग जिऑलॉजी ६८. फ्लुइड मेकॅनिक्स ५८. स्ट्रक्चरल अॅनालिसिस ४१. एम-थ्री ४०. सगळं मिळून ५४, आणि यातल्या एकाही विषयात मला ५४ गुण नाहीत. स्ट्रक्चर्समधल्या ४१चं मला काही घेणंदेणं नव्हतं, मला इमारती उभ्या करायच्या नव्हत्या. जिऑलॉजीचे ६८ आज परीक्षा दिली तर वाढतील. अडचण एकाच ओळीत होती, पण ती ओळ नेमकी मला जिथे जायचं होतं त्या वाटेवर होती. समजा एम-थ्रीत मला ७० असते आणि स्ट्रक्चर्समध्ये मी दोन वेळा नापास झाले असते, तर बेरीज कदाचित हीच आली असती. प्रवेशाच्या रकान्यात दोघी सारख्याच. भूजलाच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच फरक कळला असता.

‘मार्कांना काय अर्थ आहे?’ असं म्हणणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आला आहे. ती बहुतेक वेळा स्वतः डिस्टिंक्शनवाली असतात. कॉलेज अर्धवट सोडून अमेरिकेत कंपन्या काढणाऱ्यांची नावं तोंडावर फेकणाऱ्यांचा तर त्याहून जास्त. माझ्या ४० गुणांना अर्थ होता. मला तो विषय येत नव्हता, हा तो अर्थ. आता येईल का, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर प्रवेश समितीकडे नव्हतं.

एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. शिकायला काही लागत नाही, परीक्षेला बसायचं तर हजार रुपये. आंशिक विकलक समीकरणांचा एक अभ्यासक्रम निवडला, शेजारी ग्रेवालचं गणिताचं जाडजूड पुस्तक ठेवलं आणि बसले. सुरुवातीचे आठवडे लाजिरवाणे गेले. व्याख्यान बाजूला ठेवून बारावीच्या इंटिग्रेशनपर्यंत मागे जावं लागलं. माझी मुलगी पाचवीत आहे, ती समोर बसून अपूर्णांक करायची आणि मधूनच विचारायची, “आई, तुझं उत्तर मागे दिलेलं असतं का?” असायचं. पण तिथपर्यंत कसं जायचं ते नसायचं.

मग एके संध्याकाळी सळईचं गणित पुन्हा समोर आलं. तीच सळई, दोन्ही टोकं शून्य अंशावर. यावेळी मला ती सळई दिसलीच नाही. मला दोन पाझर तलावांच्या मधली जमीन दिसली. टोकाचं तापमान ठरलेलं म्हणजे तिथली पाण्याची पातळी ठरलेली. कितीही ओढा, तलाव ती राखून ठेवतो. पुढच्या उदाहरणात एक टोक उष्णतारोधक होतं. तो आमच्याकडचा डाइक, जमिनीत उभी घुसलेली पाषाणाची भिंत, जिच्या पलीकडे पाणी जात नाही. डाइकच्या अलीकडे उपसा केला की पातळी जास्त झपाट्याने का उतरते, हे मी गावात डोळ्यांनी पाहिलं होतं. कागदावर ते एका अटीत मावत होतं. मला बसल्या जागी हसू आलं. नवऱ्याने विचारलं, काय झालं. “डाइक सापडला,” म्हटलं. तो साताऱ्याला सहकारी बँकेत आहे. त्याने फार खोलात न जाता मान डोलावली.

एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. साठच्या पुढे ‘एलिट’, पंच्याहत्तरला रौप्य, नव्वदला सुवर्ण. मला ७१ मिळाले. हे गणित मला आजही आवडत नाही. पण ते येतं, आणि कशासाठी करतेय ते ठाऊक असेल तर न आवडताही तास-दोन तास बसवतं. विशीत हे मला माहीत नव्हतं.

माझे अहवाल अधूनमधून वाचणारे एक निवृत्त भूवैज्ञानिक आहेत, आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, “मग झालं की. स्वतः शिकलीस. आता पदवी कशाला?” प्रश्न रास्त होता. फ्रीझ आणि चेरी यांचं १९७९चं भूजलावरचं पुस्तक आज इंटरनेटवर मोफत मिळतं. भूजलाचं प्रतिमान करायचं मॉडफ्लो हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कोणालाही फुकट दिलेलं आहे. मी ते उतरवून घेतलं, चालवलंही. रंगीत नकाशा आला. सुंदर होता. बरोबर आहे का, हे मला सांगता येईना आणि विचारायला आसपास कोणी नव्हतं. साहेब जिऑलॉजी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतात, पण गणिताचं नाव काढलं की तेही हात वर करतात. शिवाय तालुक्याच्या बैठकीत एखाद्या बागायतदाराच्या वकिलाने माझा आकडा खोडून काढला तर त्या आकड्यामागे मला उभं राहता आलं पाहिजे. “मला चुका काढणारं माणूस हवंय,” मी साहेबांना म्हटलं. “पगारी,” ते म्हणाले आणि हसले.

पगारावरून आठवलं. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक. करणाऱ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. माझा पगार संस्थेचा, म्हणजे फार नव्हे, तरी त्याहून जास्त आहे. सासूबाईंनी हिशेब मांडला: “म्हणजे आता शिकून पगार कमी करून घ्यायचा?” हिशेब चुकीचा नव्हता. परदेशाचं म्हणाल तर डेल्फ्टची आयएचई ही संस्था १९५७पासून पाण्याच्या क्षेत्रातल्या लोकांना शिकवते आणि नोकरीतून तिथे आलेले पुष्कळ असतात. ते मला सगळ्यात जास्त खुणावत होतं. पण शिष्यवृत्तीशिवाय तिकडे जायचं तर घर गहाण टाकावं लागेल, आणि मुलगी आत्ता कुठे पाचवीत. ते तूर्त बाजूला ठेवलं. नवरा म्हणाला, “रुरकीला नको जाऊस असं मी म्हणणार होतो. त्यांनीच म्हटलं ते बरं झालं.”

उरलं ते पुण्यातलं एक महाविद्यालय. ५० टक्क्यांची अट, साताऱ्याहून शनिवार-रविवार घरी येता येईल एवढं अंतर आणि भूजलावर काम करणारे एक प्राध्यापक. बाकीच्या ठिकाणी अर्ज करून शुल्क घालवण्यात अर्थ नव्हता. गेट द्यायची ठरवली, रुरकीसाठी नव्हे, विद्यावेतनासाठी. शिफारसपत्राची मात्र पंचाईत झाली. कॉलेजातल्या शिक्षकांना मी आठवत असेन तर केटीमुळेच. एक पत्र साहेबांचं घेतलं आणि एक संस्थेच्या प्रमुखांचं. एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, गुणांबद्दल दोनच वाक्यं लिहिली: दुसऱ्या वर्षी गणितात मी कमी पडले आणि आता ज्या प्रश्नावर काम करायचं आहे त्याला तेच गणित लागतं, म्हणून ते पुन्हा शिकते आहे. पुढे दीड पान विहिरींबद्दल. त्या काचेच्या दारातल्या मुलाने हे वाचलं असतं तर वाक्यं वाढवायला सांगितली असती.

अर्ज भरायच्या आधी मी त्या प्राध्यापकांना लिहिलं. सोबत बायोडेटा जोडला नाही. एका चाचणीचे आकडे, दोन आलेख आणि एक प्रश्न पाठवला: विहिरीत साठलेल्या पाण्याचा भाग वेगळा काढल्यावर मला जे उत्तर मिळतंय ते पटण्यासारखं आहे का? नको असलेली पत्रं प्राध्यापकांना रोजच येत असतील, त्यामुळे उत्तराची फारशी आशा नव्हती.

उत्तर आलं, चार ओळींचं. शिक्षण काय, टक्के किती, काही विचारलं नव्हतं. विहिरीबद्दल त्यांचं म्हणणं ‘साधारण बरोबर, पण इतक्या आत्मविश्वासाने लिहू नका’ असं होतं. त्यांचा प्रश्न दुसऱ्याच आलेखाबद्दल होता. शेजारच्या बंद बोअरमध्ये पातळी संथपणे उतरत होती, ती मध्यरात्रीनंतर एकाएकी जास्त वेगाने का उतरायला लागली? तुमच्या मोटरचा प्रवाह वाढला होता का?

वाढला नव्हता. प्रवाह मी दर तासाला ड्रम आणि घड्याळ लावून मोजला होता, वहीत सगळे आकडे होते. वेगळं काही घडल्याची नोंद नव्हती. ज्याच्या विहिरीवर चाचणी घेतली होती त्या शेतकऱ्याला फोन लावला. तो थोडा वेळ आठवत राहिला, मग म्हणाला, “त्या राती वरच्या आळीनं डाळिंबाला पाणी सोडलं हुतं की मॅडम. नवी बोअर चालू केली हुती त्यांनी. बारानंतर लाईट चांगली मिळती म्हणून.”

मी विचारलं, ती बोअर तुमच्यापासून किती लांब?

“लांब हाय. पार ओढ्याच्या पलीकडं.”

दुसऱ्या दिवशी आमच्या तिथल्या कार्यकर्त्याला जीपीएस घेऊन पाठवलं. संध्याकाळी त्याचा निरोप आला: ६४० मीटर. तो आकडा प्राध्यापकांना कळवला, त्या बोअरवर वेगळी चाचणी घ्यायला परवानगी मिळेल का याची वरच्या आळीत विचारणा करायला सांगितलं आणि रात्री अर्जाचं शुल्क भरून टाकलं.